शहरात लेकीसाठी खोली बघताना

चूल आवरून, भांडी घासून रेडिओपाशी बसला असाल. हात चालू असले तरी चालतील, कान मात्र इकडे द्या.

मी मोहोळ तालुक्यातली. दीड एकर कोरडवाहू, दोन शेळ्या, आणि गेली नऊ वर्षं बचत गटात. मागच्या बैठकीत आमच्यातल्या एकीने विचारलं, "ताई, माझ्या पोरीला पुण्याला नोकरी लागतीय, पण खोलीचं कसं करायचं? तिचे वडील म्हणतात, अनोळखी घरात पोर ठेवण्यापेक्षा नोकरी नको." हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आपल्या कितीतरी पोरी शिकल्या, निवडल्या गेल्या आणि खोलीपाशी येऊन अडल्या. माझी पोरगीही अडलीच होती. ती कशी अडली आणि कशी सुटली, ते आज सांगते. त्यात माझी चूकही आहे, तीसुद्धा सांगते.

माझ्या मुलीने नर्सिंगचा कोर्स केला. पुण्यात हडपसरच्या बाजूला एका दवाखान्यात तिची निवड झाली. हजर व्हायला दहा दिवस होते. तिने मोबाईलवर खोल्यांच्या जाहिराती बघायला सुरुवात केली. एक खोली फारच छान दिसली. पांढऱ्या फरशा, पलंग, कपाट, आणि भाडं फक्त साडेतीन हजार. फोन केला, तर माणूस गोड बोलला. म्हणाला, मी सैन्यात आहे, बदली झाली म्हणून खोली रिकामी आहे. बघायला यायचं तर गेटपास काढावा लागतो, २,००० रुपये भरा, ते भाड्यात वळते करू. भरले. मग म्हणाला, तुमची नोंद अर्धवट राहिली, आणखी ३,००० टाका, सगळे एकदम परत येतील. तेही भरले. त्यानंतर फोन बंद.

५,००० रुपये गेले, आणि मी काय केलं? गप्प बसले. गावात कळलं तर लोक हसतील, आणि घरात कळलं तर पोरीचं जाणंच बंद होईल, या भीतीने महिनाभर कुणाला सांगितलं नाही. ही माझी मोठी चूक. असं कुणाच्या बाबतीत झालं तर त्याच घटकेला १९३० या नंबरला फोन करा. पैशाच्या ऑनलाइन फसवणुकीसाठीच तो आहे. आपल्या बँकेलाही लगेच कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. आपल्याला पैसे येणार असतील तर आपला पिन टाकावा लागत नाही. "पैसे परत पाठवतो, कोड स्कॅन करा आणि पिन टाका" असं कुणी म्हटलं, की तो चोर समजा. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि मालकाला समोर भेटल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही.

आता दुसऱ्या खेपेला काय केलं ते सांगते.

मी स्वतः पोरीबरोबर एसटीने स्वारगेटला उतरले. तिथे माझ्या चुलतभावाचं घर आहे, दोन खणांचं. त्याच्याकडे आठवडाभर मुक्काम केला. खोलीची घाई केली की फसगत होते, म्हणून आधी दहा-पंधरा दिवस टेकायला ओळखीची जागा हवी. नातेवाईक नसेल तर महिलांचं वसतिगृह बघा. नोकरी करणाऱ्या बायकांसाठी सरकारी मदतीवर चालणारी वसतिगृहं असतात, त्यांना आता 'सखी निवास' म्हणतात. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. मुलगी कॉलेजला जाणार असेल तर आधी समाजकल्याणच्या, नाहीतर आदिवासी विभागाच्या सरकारी वसतिगृहाचा अर्ज भरा. तिथे जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जातीच्या मुलींसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलींसाठी स्वयं योजना आहे. त्यात बाहेर राहण्या-जेवण्यासाठी पैसे बँकेत जमा होतात. अर्जाची तारीख मात्र चुकवू नका.

आम्ही सहा खोल्या पाहिल्या. तीन ठिकाणी पहिला प्रश्न आडनावाचा. एका ठिकाणी बाईंनी जात सरळ तोंडावर विचारली आणि मग म्हणाल्या, "खोली कालच गेली." पोरगी जिन्यात रडली. मी तिला म्हटलं, "अगं, बरं झालं. अकरा महिने यांचं तोंड बघावं लागलं असतं." पण माझ्याही पोटात तुटलं. मैत्रिणींनो, असं होतं, हे पोरीला आधीच सांगून ठेवा. दोष तिचा नाही, हेही सांगा. आणि नाव-गाव खोटं सांगून खोली घेऊ नका, कारण पुढे करारावर खरं नावच येतं.

खोली बघताना आपण भिंतीचा रंग बघतो. तो सोडून हे बघा.

पहिलं, रस्ता. माझ्या मुलीची दुपारची ड्यूटी रात्री नऊला सुटते. म्हणून आम्ही पसंत पडलेल्या खोलीकडे रात्री साडेनऊला दवाखान्यापासून चालत गेलो. दिवसा गजबजलेली एक गल्ली रात्री अंधारी निघाली, कोपऱ्यावर दारूचं दुकान. ती खोली सोडली. दुसरी खोली ५०० रुपयांनी महाग होती, पण बसथांबा तीन मिनिटांवर आणि वाटेत मेडिकल उघडं. तीच घेतली.

दुसरं, दार. आतून मजबूत कडी हवी, खिडकीला गज हवेत. कुलूप आपलं स्वतःचं लावायचं, जुन्या कुलपाच्या किल्ल्या किती जणांकडे असतात कुणाला ठाऊक.

तिसरं, न्हाणीघर. शेजाऱ्यांबरोबर एकच असेल तर त्याची कडी, खिडकीची काच, बल्ब, सगळं तपासा. आत गॅसचा गीझर असेल आणि हवा खेळायला झरोका नसेल, तर ती खोली घेऊ नका. बंद जागेत त्यातून विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतं आणि जिवानिशी जातं. माझी मुलगी नर्स, तिनेच हे मला सांगितलं.

चौथं, शेजार. त्या इमारतीत राहणाऱ्या बायकांशी बोला. पाणी किती वेळ येतं, मालक कसा आहे, आधीच्या मुली का गेल्या, हे तुम्हाला एजंट सांगणार नाही. पाणी भरणारी बाई सांगेल. ज्या खोलीतून दर दोन-तीन महिन्यांनी मुली बदलतात, तिथे काहीतरी पाणी मुरतंय असं समजा.

आता मालकाचं. समोरचा माणूस खरंच मालक आहे का? त्याला विजेचं बिल आणि महापालिकेची मिळकतकराची पावती दाखवायला सांगा. त्यावरचं नाव आणि त्याच्या ओळखपत्रावरचं नाव जुळलं पाहिजे. मागायला लाजू नका. तो आपलं आधार कार्ड मागतोच ना? आपणही मागायचं. कधीकधी भाडेकरूच दुसरा भाडेकरू ठेवतो आणि मूळ मालक आला की पोरी रस्त्यावर येतात. एजंटाला आपल्या आधारची प्रत देताना त्यावर "फक्त खोली भाड्याने घेण्यासाठी" असं आडवं लिहा आणि तारीख टाका. आधारची अशीही प्रत निघते, जिच्यात फक्त शेवटचे ४ आकडे दिसतात. शक्य तिथे तीच द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, करार. महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. त्याच्या ५५ व्या कलमात लिहिलंय, की भाड्याचा करार लेखी हवा आणि तो नोंदवलेला हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती केली नाही तर त्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि लेखी नोंदवलेला करार नसताना वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं. ते खोटं असेल तर सिद्ध करायचं मालकाने. म्हणजे कायद्याने आपल्याला आधार दिलाय, आपल्यालाच तो माहीत नसतो.

आमच्या मालकीणबाई म्हणाल्या, "कशाला कागद, आपली भाषा आपला शब्द." मी म्हटलं, "मावशी, शब्द तर आहेच. पण आमच्या गटात सख्ख्या जावेलाही सहीशिवाय पैसे देत नाही." त्या हसल्या आणि तयार झाल्या. आजकाल करार करून देणारा माणूस अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच येतो, नोंदणी ऑनलाइन होते. शहरात नोंदणीची फी १,००० रुपये. मुद्रांक शुल्क आणि त्या माणसाची मजुरी वेगळी. अंगठा लावण्याआधी सगळा कागद वाचून घ्या. त्यात बघा: भाडं किती, अनामत किती, ती खोली सोडताना किती दिवसांत परत, सोडायला सांगायचं तर दोन्हीकडून किती दिवस आधी, वीज-पाण्याचे पैसे कोण देणार. खोलीत दोघी राहणार असतील तर दोघींची नावं हवीत. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची असते, ती मालक देतो. त्याला घाबरू नका. ती फक्त नोंद आहे.

आता पैशाचा हिशेब. दोघी मुलींनी मिळून खोली घेतली. भाडं ७,०००, अनामत तीन महिन्यांची म्हणजे २१,०००, एजंटाचे एक महिन्याचे ७,०००. हजर होण्याआधीच ३५,००० रुपये उभे करायचे. आमच्या वाट्याला निम्मे, साडेसतरा हजार. घरात होते अडीच.

मी गटात कर्ज मागितलं. त्या दिवशी बैठकीत वाद झाला. आम्ही शेळीला कर्ज दिलंय, शिलाई मशीनला दिलंय, बाळंतपणाला दिलंय. पोरीच्या खोलीला कधी दिलं नव्हतं. एकजण म्हणाली, "पोरगी उद्या लग्न करून जाईल, पैसे कोण फेडणार?" तेव्हा मी ते गेलेले ५,००० सांगून टाकले. सगळ्यांसमोर. बैठक गप्प झाली. मग आमच्या अध्यक्षीणबाई, ज्यांना फक्त सही येते, त्या म्हणाल्या, "शेळी मेली तरी आपण कर्ज देतोच की. ही तर मिळवती पोर आहे. आणि अनामत म्हणजे खर्च नव्हे, ते परत येणारे पैसे आहेत." १५,००० मंजूर झाले.

अनामत बँकेतूनच दिली, रोख नाही. रोख द्यावीच लागली तर सही केलेली पावती घ्या. कॉट भाड्याने घेऊन, मेसवर राहायचं असेल तिथेही पावती आणि नियमांचा कागद घ्या. खोलीत शिरले त्या दिवशी मुलीने मीटरचा आकडा, फुटलेली फरशी, गळका नळ, सगळ्याचे फोटो काढून मालकीणबाईंच्या मोबाईलवर पाठवले.

सातव्या महिन्यात त्याचा उपयोग झाला. मालकीणबाईंचा पुतण्या आला आणि म्हणाला, "चार दिवसांत खोली खाली करा, मला पाहिजे." रात्री पोरीचा फोन, आवाज कापत होता. मी म्हटलं, "कागद काढ. वाच." करारात लिहिलं होतं, एक महिना आधी लेखी कळवायचं. दुसऱ्या दिवशी तिने तो कागद मालकीणबाईंना दाखवला. पुतण्या गेला. पोरी अकरा महिने पूर्ण राहिल्या. सोडताना मालकीणबाई म्हणाल्या, फरशी तुम्ही फोडली. मुलीने पहिल्या दिवसाचा फोटो दाखवला. २१,००० मधून फक्त राहिलेलं वीजबिल कापून बाकी सगळे परत आले. कर्जाचे हप्ते ती पगारातून देतच होती, उरलेलं त्या दिवशी फिटलं.

शेवटी घरातल्यांसाठी दोन गोष्टी. मुलीच्या खोलीचा पूर्ण पत्ता, मालकाचा नंबर, सोबतच्या मुलीचा आणि तिच्या घरचा नंबर कागदावर लिहून घरात लावा. मोबाईल हरवतो, कागद राहतो. संकटात ११२ हा नंबर, आणि बायकांच्या मदतीसाठी १८१. हे दोन्ही पोरीला पाठ हवेत. आम्ही मायलेकींनी एक खूणही ठरवली. तिने फोनवर "म्हैस व्याली का?" विचारलं, की समजायचं तिला उघड बोलता येत नाही, काहीतरी बिनसलंय. आमच्या दारात म्हैसच नाही!

दुसरी गोष्ट, पोरीला असं कधी म्हणू नका, की "काही झालं तर परत आणीन." असं म्हटलं की ती झालेलं सांगत नाही, लपवते. मी ५,००० लपवले, तशी. तिला म्हणा, "काही झालं तर मी येईन." दोन्हींत फरक आहे.

आता त्या मैत्रिणीच्या पोरीचं. येत्या सोमवारी त्या दोघी पुण्याला निघतायत, मीही बरोबर जातेय. माझ्या मुलीच्या खोलीत चार दिवस टेकतील आणि मग शोधतील. गटाने तिच्याही अनामतीला कर्ज मंजूर केलंय. या वेळी वाद झाला नाही.

तुमच्या गटातही हा विषय काढा.