आजीच्या गोळ्या आणि दुधाचा हिशोब

बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, चालायला निघाला असाल, तर चालू द्या. आजचा एपिसोड छोटा आहे, पण माझ्यासाठी जरा जड आहे. विषय आहे, घरी ज्यांची देखभाल चालू आहे अशा आपल्या माणसांच्या गोळ्या.

आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. त्यामुळे डोस मला विचारू नका. आमच्या घरात काय चुकलं आणि मग आम्ही काय बदललं, एवढंच सांगतो.

माझी आजी साताऱ्याला असते. वय ८१. गेल्या वर्षी पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. आई शाळेत शिकवते, सकाळी सातला घर सोडते. मी पुण्यात. म्हणून दोन ताई ठेवल्या, एक दिवसाच्या, एक रात्रीच्या. गोळ्या एकूण सात प्रकारच्या. मी कप्प्यांचा डबा आणला. दर रविवारी जाऊन आठवड्याच्या गोळ्या भरायच्या. शिवाय फोनवर रिमाइंडर, गूगल शीट, सगळं. मला वाटलं, सिस्टिम एकदम झकास!

एका रविवारी आमचं रिलीज होतं. मी गेलो नाही. आईला म्हटलं, "दोन दिवस पाकिटातूनच द्यायला सांग, मंगळवारी येतो."

सोमवारी आजी लवकर उठली, भूक लागली म्हणाली. रात्रीच्या ताईंनी पावणेआठला शुगरची गोळी दिली, शेजारच्या काकूंना बसवलं आणि बस पकडायला गेल्या. दिवसाच्या ताई सव्वाआठला आल्या. डबा रिकामा. माझं ते शीट त्यांच्या फोनवर उघडतच नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी विचारलं, "आजी, गोळी घेतली का?" आजी म्हणाली, "नाही गं." मग त्यांनी उपम्याआधी पाकिटातून गोळी काढून दिली. म्हणजे दुसऱ्यांदा.

ही गोळी होती ग्लायमेपिराइड. ती शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. अकराच्या सुमारास आजीला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, काहीतरी असंबद्ध बोलायला लागली. ताईंनी ग्लुकोमीटर लावला. शुगर ५४. ७० च्या खाली गेली तरी लगेच हालचाल करावी लागते. आजी शुद्धीवर होती, नीट गिळत होती, म्हणून त्यांनी तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासलं आणि मग दवाखान्यात नेलं. या गोळीचा असर बराच वेळ राहतो, शुगर परत खाली येऊ शकते, म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. आणि हे लक्षात ठेवा, पेशंट बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन.

मी साताऱ्याला पोचलो तो डोक्यात राख घालूनच. पहिला प्रश्न काय विचारला? "कोणी केलं हे?"

रात्रीच्या ताई संध्याकाळी स्वतःहून दवाखान्यात आल्या. म्हणाल्या, "दादा, सकाळची मी दिली होती. पण लिहायचं कुठे?" मग हळूच सांगितलं, पंधरा दिवसांपूर्वी बीपीची गोळीही अशीच दोनदा गेली होती. काम जाईल म्हणून बोलल्या नव्हत्या.

मला एकदम खजील झाल्यासारखं झालं. ऑफिसात सर्व्हर पडला की आम्ही "कोणी पाडला" विचारत नाही, "पडू कसा शकला" विचारतो. घरी मात्र मी माणूस शोधत होतो. डबा भरला नव्हता मी. न उघडणारं शीट केलं होतं मी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमधल्या चुका कमी करण्यासाठी जगभर मोहीम सुरू केली. त्यात तीन गोष्टींवर भर आहे : जोखमीच्या वेळा, एकाच वेळी चालू असलेली अनेक औषधं, आणि पेशंटची देखभाल एकाकडून दुसऱ्याकडे जाते ती वेळ. आमच्याकडे सकाळी आठला तिन्ही एकत्र होतं.

उपाय आजीच्याच स्वयंपाकघरात सापडला. ती कित्येक वर्षं कॅलेंडरच्या चौकोनात दुधाचा हिशोब मांडते. दूध आलं नाही त्या दिवशी फुली. तिचा हिशोब कधी चुकला नाही. मग आम्ही एक मोठं कॅलेंडर फक्त गोळ्यांसाठी लावलं, पेन दोऱ्याने बांधून.

नियम असे. खूण गोळी गिळल्यावरच करायची, काढल्यावर नाही. शेजारी वेळ आणि नावाचं पहिलं अक्षर. खूण नसेल आणि शंका असेल तर अंदाजाने गोळी द्यायची नाही, आधी फोन. एखादी राहिली तर पुढच्या वेळी दोन द्यायच्या नाहीत.

शेजारी एकच यादी, तारखेसह. डॉक्टरांनी काही बदललं की जुनी यादी फाडायची. यादीत कंपनीच्या नावासोबत आतल्या औषधाचं नावही. कारण क्रोसिन आणि डोलो, नावं दोन, पण दोन्हींत पॅरासिटामॉलच. ज्या गोळीच्या नावात एसआर, एक्सआर असं असतं, ती गिळायला त्रास होतो म्हणून कुटायची नाही. ती हळूहळू विरघळायला बनवलेली असते, कुटली तर सगळा डोस एकदम अंगात जातो. पर्याय डॉक्टरांना विचारायचा.

आणि शेवटचा नियम आजीने घातला. चूक झाली की लगेच सांगायचं, कोणी ओरडणार नाही. मागच्या महिन्यात दिवसाच्या ताईंचा फोन आला, "दादा, दुपारची राहिली." मी म्हटलं, "बरं झालं सांगितलंत." डॉक्टरांना विचारलं, प्रश्न मिटला.

तर आज घरी फोन कराल तेव्हा "गोळ्या घेतल्या ना?" एवढंच विचारू नका. "घेतलेली कुठे लिहिता?" हेही विचारा. आणि उत्तर आलं नाही, तर रविवारी एक कॅलेंडर घेऊन जा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!