राष्ट्रपतींचे विमान निवडताना

(इगतपुरी येथील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



विमानतळ नसलेल्या गावात विमानावर बोलण्यासाठी मी उभा आहे, याची मला जाणीव आहे. परंतु वाहनाची निवड कशी करावी, हे इगतपुरीकरांना बाहेरच्या कोणी येऊन शिकवण्याची आवश्यकता नाही. कसाऱ्याहून वर येणाऱ्या गाडीपुढे ३७ फुटांना १ फूट असा चढ असतो. एकट्या इंजिनाचे ते काम नव्हे, म्हणून मागे बँकर जोडावे लागतात. मुंबईकडची डीसी वीज आणि पुढची एसी वीज यांची सरहद्दही अनेक वर्षे आपल्या याच स्थानकात होती. त्या काळी विजेच्या इंजिनाची अदलाबदल येथेच होई. आधी घाट पाहायचा आणि मग इंजिन ठरवायचे, ही रेल्वेची रीत. राष्ट्रपतींच्या विमानाची चर्चा मात्र आपल्याकडे नेमकी उलट्या क्रमाने होते. विमान येते, त्याची किंमत छापून येते, आतील दालनांची रसभरीत वर्णने येतात आणि मग ते कशासाठी हवे होते, याचा विचार सुरू होतो. पुष्कळदा तोही होत नाही.

आपल्या शेजारच्या खानदेशच्या कन्या प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ या काळात राष्ट्रपती होत्या. कारकीर्द संपत आली असताना माहितीच्या अधिकारात एक आकडा बाहेर आला. १२ परदेश दौरे, २२ देश आणि खर्च २०५ कोटी रुपये! वृत्तपत्रांनी तो चवीने छापला. त्या २०५ कोटींतील १६९ कोटी केवळ विमानाचे होते, ही ओळ बातमीत होती. पण तिच्याजवळ फारसे कोणी थांबले नाही. दौरे किती असावेत, यावर मतभेद जरूर असू शकतात. तथापि तो १६९ कोटींचा आकडा एका व्यक्तीच्या हौसेचा नव्हता, व्यवस्थेचा होता. दूरच्या प्रवासासाठी राष्ट्राकडे स्वतःचे विमानच नव्हते. एअर इंडियाचे बोईंग ७४७-४०० जातीचे प्रवासी विमान सेवेतून काढायचे, त्याची अंतर्गत रचना बदलायची, दौरा आटोपला की ते पुन्हा प्रवाशांसाठी सज्ज करायचे आणि या साऱ्याचे बिल सरकारला लावायचे, असा तो प्रकार होता. ती बिले वर्षानुवर्षे थकत. २०१९ च्या अखेरीस अशा थकबाकीचा आकडा ८०० कोटींच्या पुढे गेला होता. एका सरकारी खिशातून दुसऱ्या सरकारी खिशात जाणारा, आणि तोही वेळेवर न जाणारा पैसा! त्यात एअर इंडिया आधीच कर्जात बुडालेली.

पुढे २०२० च्या ऑक्टोबरात दोन बोईंग ७७७-३००ईआर विमाने आली. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान या तिघांसाठी ती आहेत. २४ नोव्हेंबर २०२० रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी त्यातून दिल्ली ते चेन्नई असा पहिला प्रवास केला. दोन्ही विमानांवर मिळून सुमारे ८,४०० कोटी रुपये खर्च झाल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. साथीच्या दिवसांत हा आकडा डोळ्यांत भरणे स्वाभाविक होते आणि विरोधी पक्षांनी त्यावर टीका केली, हा त्यांचा अधिकारच आहे. पण घाट पाहा. जुन्या ७४७ ला अमेरिकेला जाताना वाटेत कोणत्या तरी परक्या विमानतळावर इंधनासाठी उतरावे लागे. ७७७ दिल्लीहून थेट पोहोचते. सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रपती आइसलँडला निघाले असताना पाकिस्तानने आपल्या आकाशातून जाण्यास परवानगी नाकारली. एप्रिल २०२५ मध्ये तर त्याने आपल्या सर्वच विमानांना ते आकाश बंद केले. शेजारी असा असेल, तर वळसा घालूनही मुक्कामी पोहोचण्याइतके इंधन पोटात बाळगणारे विमान हवे, याला चैन कसे म्हणणार? खांद्यावरून डागता येणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवणारी संरक्षण यंत्रणा यांत आहे. तिच्या विक्रीला अमेरिकेने २०१९ च्या फेब्रुवारीत मान्यता दिली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ही विमाने आता वायुदलाचे वैमानिक चालवतात. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे गेली. जुनीच पद्धत चालू राहिली असती, तर राष्ट्रपतींच्या परदेश प्रवासासाठी सरकारला एका खासगी कंपनीकडे विमान मागावे लागले असते.

आता थोडी अप्रिय गोष्ट. विमान निवडले जाते ते खरेदीच्या दिवशी नव्हे, तर गरजेचा कागद लिहिला जातो त्या दिवशी. अतिविशिष्ट व्यक्तींसाठीच्या हेलिकॉप्टरांचे प्रकरण सर्वांच्या स्मरणात आहे. पण ते सुरू कोठे झाले? जुन्या एमआय-८ हेलिकॉप्टरांच्या जागी नवी घ्यावीत, असा प्रस्ताव १९९९ चा. ६,००० मीटर उंचीपर्यंत जाणारे यंत्र हवे, असे वायुदलाने लिहिले. चाचण्यांअंती एकच हेलिकॉप्टर त्या अटीत बसले. एकच विक्रेता उरणे योग्य नव्हे, अशी भूमिका पंतप्रधान कार्यालयाने २००३ च्या नोव्हेंबरात घेतली. नंतर उंचीची अट ४,५०० मीटरवर आली आणि केबिनची उंची किमान १.८ मीटर असावी, ही अट दाखल झाली. ते सरकार वाजपेयीजींचे होते, हे येथे बसलेल्यांनी विसरू नये. मी त्यात हेतूचा दोष पाहत नाही. स्पर्धा वाढावी, ही इच्छा रास्तच होती. परंतु परिणाम काय झाला? महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालानुसार केबिनच्या या नव्या अटीमुळे पुन्हा एकच हेलिकॉप्टर उरले, फक्त या वेळी ते दुसरे होते! मूल्यमापनही प्रत्यक्ष त्या हेलिकॉप्टरवर झाले नाही. ते तेव्हा तयारच व्हायचे होते. फेब्रुवारी २०१० मध्ये संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारने १२ हेलिकॉप्टरांचा सुमारे ३,५०० कोटींचा करार केला, त्यांतील तीन आली, लाचेचे आरोप झाले आणि १ जानेवारी २०१४ रोजी करार रद्द झाला. न्यायालयांत जे चालले ते चालले. मला बोचते ते वेगळेच. तांत्रिक कागदावरील एका ओळीत निवडीचे सारे भवितव्य असते आणि त्या ओळीवर संसदेत वा वृत्तपत्रांत वेळेवर कधीच चर्चा होत नाही.

विश्वासाचाही प्रश्न आहे. चीनचे तत्कालीन अध्यक्ष जियांग झेमिन यांच्यासाठी अमेरिकेत सजवलेल्या बोईंग ७६७ मध्ये चोरून ऐकण्याची दोन डझनांहून अधिक उपकरणे सापडल्याचे वृत्त जानेवारी २००२ मध्ये जगभर गाजले. २०२५ मध्ये कतारने दिलेले बोईंग ७४७ अमेरिकेने आपल्या अध्यक्षांसाठी स्वीकारले, तेव्हा तेथील जाणकारांनाही हीच शंका प्रथम आली. आपली दोन्ही विमानेही अमेरिकेतच सजली. तेव्हा ती आल्यावर त्यांचा खिळा न् खिळा तपासणे हा आपल्या यंत्रणांचा धर्म ठरतो, मग मैत्री कितीही घनिष्ठ असो.

एवढे करूनही विमान म्हणजे सर्वस्व नव्हे. १० एप्रिल २०१० रोजी रशियातील स्मोलेन्स्क येथे पोलंडचे अध्यक्ष लेख काझिन्स्की यांच्यासह ९६ जण मृत्युमुखी पडले. पोलंडमध्ये नव्या विमानाची खरेदी वर्षानुवर्षे रखडली होती, हे खरे. परंतु ते तुपोलेव्ह काही महिन्यांपूर्वीच संपूर्ण दुरुस्त होऊन आले होते. दाट धुक्यात ते मर्यादेपेक्षा खाली उतरवले गेले. याच अध्यक्षांना २००८ मध्ये युद्धग्रस्त जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी येथे उतरायचे होते, तेव्हा वैमानिकाने धोका ओळखून नकार दिला होता. त्याबद्दल त्याच्यावर रोष झाला. त्या दिवशी जो सहवैमानिक होता, तोच स्मोलेन्स्कला मुख्य वैमानिक होता.

आपल्याकडे ४ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री पंतप्रधान मोरारजीभाई देसाई यांचे तुपोलेव्ह-१२४ आसामात जोरहाटजवळच्या शेतांत कोसळले. मोरारजीभाईंविषयी महाराष्ट्राच्या मनात काय आहे, ते मी सांगायला नको. ८१ वर्षांचे ते गृहस्थ त्यातून चालत बाहेर आले. विंग कमांडर डी'लिमा आणि त्यांचे चार सहकारी, असे वायुदलाचे पाच अधिकारी मात्र विमानाच्या पुढच्या भागात होते. ते पाचही जण गेले.

ओझर येथून जवळच आहे, तेव्हा आपण असे विमान कधी बनवणार, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. ओझरच्या कारखान्याने मिग बांधली, सुखोई बांधली. प्रतिभाताईंनी २५ नोव्हेंबर २००९ रोजी वयाच्या ७४ व्या वर्षी पुण्याच्या लोहगावहून ज्या सुखोई-३० मधून उड्डाण केले, तीच ही जात. कानपूरला १९६१ पासून ब्रिटिश परवान्यावर ॲव्हरो विमाने बनली आणि नेत्यांची वाहतूकही त्यांतून झाली.  वडोदऱ्याला ऑक्टोबर २०२४ मध्ये सी-२९५ या मालवाहू विमानाचा कारखाना सुरू झाला आहे, तोही परकीय आराखड्यावर. मोठे प्रवासी जेट, आपल्याच आराखड्याचे, आपल्याच कारखान्यातले, ओझरच्या धावपट्टीवर दिसायला अजून पुष्कळ अवकाश आहे.