जुने रिव्हॉल्व्हर : आधी कागद, मग भाव



आज कापसावरची बोंडअळी नाही की केळीवरचा करपा नाही. विषय जरा वेगळा आहे. शिरपूर तालुक्यात सांगवीच्या बाजूला शिवारफेरीला गेलो होतो. मका कणसावर आलेला आणि रानडुकरांनी एका रात्रीत बांधालगतच्या सगळ्या ओळी आडव्या केलेल्या. मी पंचनाम्याचे सांगत होतो, तेवढ्यात एका शेतकऱ्याने मला बाजूला घेतले आणि हळूच विचारले, 'साहेब, एक जुनं रिव्हॉल्व्हर मियी ऱ्हायनं. कितलाले लेवानं?'

मी बी-बियाण्याचा माणूस. पण आमच्या काकांचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर विकले गेले तेव्हा त्या सौद्यात मी बसलेलो होतो. त्यामुळे या बाबतीत चार गोष्टी कळतात. त्या शेतकऱ्याला मी उलट विचारले, 'विकणाऱ्याचा परवाना पाहिला का?' त्याने मान खाली घातली. म्हटले, मग भाव विचारूच नका. फुकट दिले तरी घेऊ नका.

आपला तालुका मध्य प्रदेशाच्या सीमेवर. मुंबई-आग्रा महामार्ग पळासनेरवरून पलीकडे जातो. सीमेपलीकडून येणारी गावठी पिस्तुले शिरपूर-चोपडा भागात पोलिसांनी कितीदा पकडली, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचतच असता. असे हत्यार स्वस्त वाटते. पण 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास कमीत कमी दोन वर्षे आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद, शिवाय दंड. दोन वर्षे घरचा कर्ता आत, शेत पडीक, आणि वकिलाची फी वेगळी. हा सगळा खर्च त्या 'स्वस्त' भावात मिळवून पाहा. त्यातून त्याची नळी कोणत्या लोखंडाची, कोणी तपासली, याचा पत्ता नसतो. हातात फुटले तर बोटे जातात.

आता परवान्याचे हत्यार. विकणाऱ्याकडे परवाना हवा आणि तुमच्याकडेही त्याच जातीच्या हत्याराचा मंजूर परवाना हवा. रिव्हॉल्व्हरसाठी अर्ज धुळ्याला जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करायचा. घरगुती सौदा असेल तर विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवायचे, आणि त्यानंतर 45 दिवस गेल्याशिवाय हत्यार हातात द्यायचे नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यातच तसे लिहिले आहे. 'आज पैसे द्या, हत्यार आजच न्या, कागद मागून करू' असे कोणी म्हणाला तर तिथून उठा.

हत्यारावर कारखान्याचे नाव आणि नंबर कोरलेला असतो. तो परवान्यातल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवा. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला दिसला तर सौदा मोडा. असे हत्यार विकणे हाच गुन्हा आहे.

कागद पटला की मग माल पाहायचा. बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. तसेच इथे. पण एक फरक आहे : बैल तुम्ही स्वतः पारखता, रिव्हॉल्व्हर मात्र परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे, त्याच्या कारागिराकडूनच पारखून घ्या. आधी सगळी घरे रिकामी आहेत हे दोघांनी डोळ्यांनी पाहायचे, आणि तोंड माणसाकडे कधीच नाही. चाप ओढून धरला असता गोळ्यांचे चक्र हलता कामा नये. बैलगाडीचे चाक आसावर डगमगते तसे डगमगले तर घर नळीच्या बरोबर समोर येत नाही, आणि बार उडवताना शिशाचे तुकडे बाजूने उडतात. हे सगळ्या घरांवर तपासायचे, एकावर नाही. मागचा घोडा चढवून अंगठ्याने हलके दाबावा. चाप न ओढता पडला तर खाच झिजलेली. नळीत उजेड धरून पाहा. आतले पिळाचे आटे स्वच्छ दिसले पाहिजेत. खड्डे दिसले तर गंज, आणि नळीचा गंज म्हणजे उसाच्या बेण्यातली कीड, वरून पुसून जात नाही.

बाहेरून काळेभोर चकचकीत दिसते म्हणून भुलू नका. रंग नव्याने चढवता येतो. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या दिसल्या की समजा, कोणी अडाण्याने उघडले आहे. कातड्याच्या म्यानात वर्षानुवर्षे ठेवलेले हत्यारही नीट पाहा. कातडे ओल धरते. आमच्या काकांचे असेच झाले होते. बार फार उडवलेले नव्हते, पण एका अंगाला गंजाने खाल्ले होते आणि भाव तिथेच घसरला.

एक युक्ती सांगतो. काडतुसे घेतल्याची नोंद परवान्यात होत असते. ट्रॅक्टरचे तासांचे मीटर पाहतो तशा त्या नोंदी पाहा. वापर किती झाला याचा अंदाज येतो.

आता भाव. याचा सरकारी दर नाही, मी माझी रीत सांगतो. त्याच बनावटीचे नवे रिव्हॉल्व्हर आज कितीला पडते, हे विक्रेत्याकडून करासकट लिहून घ्या. कानपूरच्या कारखान्यातले बत्तीस बोअरचे असेल तर ते सहज कळते. नव्याचे शंभर रुपये धरले तर चक्र घट्ट, नळी स्वच्छ, नोंदी कमी अशा मालाला साठ-सत्तर ठीक. घोडा-चाप दुरुस्तीला आला असेल तर पन्नासच्या आत, आणि दुरुस्तीचा खर्च त्यातूनही वजा. नळी गेलेली असेल तर घेऊच नका. विलायती जुन्या मालाचे भाव मात्र या हिशेबात बसत नाहीत. आयात बंद झाल्याने तिथे नावाचे पैसे मोजावे लागतात. हौस असेल त्याने मोजावेत, शेतकऱ्याने का मोजावेत?

घाई मात्र करू नका. परवाना असलेलाच घेऊ शकतो, म्हणून गिऱ्हाईक थोडे. 2019 पासून एका माणसाला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. वडील वारल्यावर ज्या घरात परवाना पुढे कोणाला नको असतो, तिथेही हत्यार काढायचेच असते. गरज बहुधा विकणाऱ्याला जास्त असते.

आणि आपल्या डुकरांचे काय? रिव्हॉल्व्हर त्या कामाचे नाही. रात्री वीस पावलांवरच्या डुकराला ते नीट लागत नाही, आणि जखमी डुक्कर अंगावर येते. पीकसंरक्षणासाठी कायद्यात ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे; तिने भागत नाही असे अधिकाऱ्याला पटले तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही मिळू शकते. बंदुकीचा परवाना म्हणजे मारण्याची परवानगी नव्हे. ती वनखात्याकडून वेगळी, लेखी घ्यावी लागते. अनेर अभयारण्यात तर शिकारीचे नावच काढायचे नाही. कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडणारेही मला भेटले आहेत. त्यात डुकराआधी शेजारी मरतो. नुकसान झाले की तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्या आणि पंचनामा होईपर्यंत पीक तसेच राहू द्या.

सौदा ठरलाच तर इसार थोडा द्या आणि पावतीवर हत्याराचा नंबर लिहून घ्या. तुमच्या परवान्यात नोंद चढली आणि विकणाऱ्याच्या परवान्यातून उतरली, की मग उरलेली रक्कम द्या, शक्यतो चेकने.