मोटारीच्या अंतर्भागाची घरगुती दुरुस्ती



ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाच्या विसर्गाने तापीचे पाणी सुरत शहरात शिरले आणि कित्येक मोटारी बुडाल्या. तो पूर आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. अशी भिजलेली गाडी भंगारात गेली, तरी तिच्या दारांच्या मुठी, काच वरखाली करण्याचे हँडल, डॅशबोर्डवरील झाकणे पुष्कळदा शाबूत राहतात. ती स्वस्तात आणून घरीच बसविता येतात.

तुटलेला भाग प्रथम उलटून पाहावा. प्लॅस्टिकची जात बहुधा मागील बाजूस उठविलेली असते. एबीएस असल्यास त्याच जातीच्या टाकाऊ तुकड्याचा कीस ॲसिटोनमध्ये विरघळवून तो लेप भेगेत भरावा. सांधा एकजीव होतो. हे काम उघड्यावर आणि विस्तवापासून दूर करावे. पॉलिप्रॉपिलीन ॲसिटोनला दाद देत नाही. तेथे मागून पट्टी व स्क्रू हाच उपाय. मी पडलो कलाशाखेचा पदवीधर. माझे पहिले झाकण याच अज्ञानापायी दोनदा निखळले!

सुरक्षा-पट्टा आणि एअरबॅग मात्र भंगारातून कदापि घेऊ नयेत. अपघातात ताण सोसलेला पट्टा वरून धडधाकट दिसला, तरी पुन्हा भार पेलेलच असे नाही. तो नवाच विकत घ्यावा आणि जाणत्या कारागिराकडून बसवून घ्यावा.