पिशाचांची भाषा

दिल्लीत फिरोजशहा कोटल्याचे नाव निघाले की बहुतेकांना क्रिकेटचे मैदान आठवते. त्या मैदानाला लागूनच फिरोजशहा तुघलकाने १३५४ साली वसवावयास घेतलेल्या नगराचा पडका किल्ला आहे. दर गुरुवारी तेथे माणसांची रीघ लागते, पण ती इतिहास पाहण्यासाठी नव्हे. या भग्न तळघरांत जिन्न राहतात, अशी लोकांची श्रद्धा आहे. कुणाचा मुलगा आजारी असतो, कुणाचा घराचा तंटा मिटत नसतो. अशी माणसे आपले गाऱ्हाणे कागदावर लिहून आणतात आणि भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. अर्जावर नाव असते, पत्ता असतो, क्वचित छायाचित्रही असते. एकाच अर्जाच्या अनेक प्रती काढून त्या निरनिराळ्या कोनाड्यांत ठेवल्या जातात. एखाद्या मोठ्या कचेरीत प्रत्येक खात्याला एकेक प्रत पाठवावी, तसा हा प्रकार. अर्जाची भाषा हिंदी असते किंवा उर्दू. जिन्नांची भाषा कोणती, असा प्रश्न तेथे कुणालाच पडत नाही. माणसाचे बोलणे त्यांना कळते, हे सर्वांनी गृहीतच धरलेले असते.

याच्या नेमकी उलट गोष्ट महाराष्ट्राच्या पदरी आहे. भुतांना माणसाची भाषा यावी, अशी अपेक्षा न धरता एक माणूसच भुतांची भाषा शिकला आणि तिच्यात त्याने प्रचंड ग्रंथ लिहिला. तो माणूस गुणाढ्य, त्याचा राजा सातवाहन, राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आपले गोदाकाठचे पैठण, आणि ग्रंथाचे नाव बृहत्कथा. ही हकीकत अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने आपल्या कथासरित्सागराच्या आरंभी सांगितली आहे.

एकदा राजा राण्यांसह जलक्रीडा करीत होता. अंगावर पाणी येऊ लागले, तेव्हा एक राणी म्हणाली, 'मोदकैः'. 'मा उदकैः', म्हणजे पाणी उडवू नका, असा तिचा अभिप्राय होता. राजाला संधी उमगला नाही. त्याने सेवकांकडून मोदक आणविले. राणी हसली, परिवार हसला आणि राजाने अंथरूण धरले. आपल्याला संस्कृत आलेच पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले. गुणाढ्य म्हणाला, व्याकरणाला बारा वर्षे लागतात, मी सहा वर्षांत शिकवीन. दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवितो. गुणाढ्याने पैज घेतली की, हे घडले तर संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिन्ही मी सोडीन. शर्ववर्म्याने कातंत्र नावाचे सुटसुटीत व्याकरण रचून पैज जिंकली. माणसाला बोलावयाच्या तिन्ही भाषा गमावून गुणाढ्य मुका झाला आणि विंध्याच्या अरण्यात गेला.

तेथे पिशाचांचे बोलणे कानावर पडून तो त्यांची भाषा शिकला. काणभूती नावाच्या पिशाचाकडून त्याने दिव्य कथा ऐकली आणि सात वर्षे खपून ती सात लक्ष श्लोकांत लिहिली. अरण्यात शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. शिष्यांनी ग्रंथ राजापुढे ठेवला. परंतु राजा आता विद्वान झाला होता. भाषा पिशाचांची, अक्षरे रक्ताची, असे म्हणून त्याने ग्रंथ झिडकारला. काल ज्याला भाषेपायी हसे सोसावे लागले, त्यानेच आज भाषेपायी दुसऱ्याला हिणवावे, हा मनुष्यस्वभाव सोमदेवाने फार मार्मिकपणे टिपला आहे.

गुणाढ्याने टेकडीवर अग्निकुंड पेटविले. एकेक पान तो मोठ्याने वाची आणि अग्नीत टाकी. अरण्यातील पशुपक्षी चारापाणी विसरून भोवती उभे राहिले; त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. इकडे राजा आजारी पडला. वैद्यांनी निदान केले की, वाळलेले निःसत्त्व मांस पोटात गेल्यामुळे हे दुखणे आले. आचाऱ्यांना विचारले, त्यांनी पारध्यांकडे बोट दाखविले आणि पारध्यांनी टेकडीवरचा प्रकार सांगितला. राजा धावत गेला, तोपर्यंत सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. उरलेला एक लक्ष, नरवाहनदत्ताचे चरित्र, तेवढा हाती लागला. तोही पुढे काळाच्या उदरात गडप झाला. आज बृहत्कथा आपल्याला भेटते ती सोमदेव, क्षेमेंद्र, बुधस्वामी यांच्या संस्कृत रूपांतरांतून. ज्या भाषेपायी ग्रंथ नाकारला गेला, त्या भाषेतील ग्रंथ मात्र उरला नाही.

पण पैशाची म्हणून जी भाषा व्याकरणकारांनी नोंदविली आहे, ती पाहिली तर मोठी गंमत वाटते. वररुचीच्या प्राकृतप्रकाशात तिच्यासाठी स्वतंत्र परिच्छेद आहे. त्याप्रमाणे मेघाचा 'मेखो' होतो, राजाचा 'राचा', गगनाचे 'गकनं' आणि साक्षात गोविंदाचा 'गोपिन्तो'. बाराव्या शतकातील गुजरातचा हेमचंद्र सांगतो की, या भाषेत 'ण' चा 'न' होतो आणि 'ल' चा 'ळ'. कुल नव्हे, 'कुळ'. हा 'ळ' मराठी माणसाच्या जिभेवर रोज खेळतो. म्हणजे पिशाचांची म्हणून सांगितलेली ही भाषा आपल्या शेजारपाजारच्या बोलींसारखीच आहे. घोष वर्णांच्या जागी कठोर वर्ण आले, एवढाच मुख्य फरक.

मग ती बोलणारे पिशाच कोण? ग्रियर्सन यांनी १९०६ साली त्यांचा माग वायव्य सीमेच्या डोंगराळ मुलखात काढला, तर स्टेन कोनो यांनी तिचे माहेर विंध्याच्या परिसरात मानले. ही कधी कुणाची बोली नव्हतीच, केवळ वाङ्मयातील एक कल्पित भाषा होती, असा संशय घेणारेही आहेत. यांपैकी काहीही खरे धरले तरी एक गोष्ट उरते. भाषा माणसांच्याच मुखातील वर्णांची होती. तिला भुतांची म्हटले ते दुसऱ्या माणसांनी.

आजच्या युगात अशा भाषा मुद्दाम घडविल्या जातात. टॉल्किन या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने आपल्या कथांतील एल्फ नावाच्या अमानुष जातीसाठी दोन भाषा रचल्या. एकीच्या मुळाशी फिनिश भाषेची आवड होती, दुसरीच्या मुळाशी वेल्शची. अमेरिकन चित्रपटांतील क्लिंगॉन या परग्रहवासी योद्ध्यांची भाषा मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने बांधली आणि १९८५ साली तिचा शब्दकोशही निघाला. ती परकी वाटावी म्हणून त्याने आधी कर्म, मग क्रियापद आणि शेवटी कर्ता, असा क्रम योजिला. पण हा क्रमही अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील एका जमातीच्या भाषेत सापडतो. आपल्याकडे २०१५ च्या 'बाहुबली' चित्रपटात काळकेयांना भयंकर दाखविण्यासाठी किलिकी नावाची भाषा मदन कार्की यांनी रचली. माणसाने अमानुषांसाठी कितीही विचित्र भाषा कल्पिली, तरी तिचे सामान माणसांच्याच भाषांतून येते. खेळ म्हणून यात बिघडत नाही. एखाद्या जिवंत माणसाची बोली कानाला परकी लागते म्हणून तिला भुताची ठरविले, तर मात्र बिघडते.

आता पुन्हा कोटल्याकडे वळू. ज्या जिन्नाची तेथे सर्वांत अधिक मान्यता आहे, त्याला 'लाटवाले बाबा' म्हणतात. लाट म्हणजे खांब. हा खांब फिरोजशहाने आजच्या हरियाणातील टोपऱ्याहून मोठ्या यातायातीने आणविला. त्याच्यावरील अक्षरे वाचण्यासाठी पंडितांना पाचारण केले गेले. कुणालाच ती लागेनात. पुढे १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, तेव्हा त्या गूढ रेघांतून सम्राट अशोक प्रजेशी बोलू लागला. भाषा साधी प्राकृत. विषय म्हणजे वाटेवर लावलेले वड, खोदविलेल्या विहिरी, आणि अमुक पशुपक्षी मारू नयेत, ही आज्ञा. राजाचे बोलणे शतकानुशतके कुणाला कळत नव्हते. अशा त्या खांबाशी लोकश्रद्धेने एक जिन्न आणून बसविला.

त्याच खांबाच्या आसऱ्याने आज माणसे अर्ज ठेवतात. ज्याला जशी येते तशा भाषेत ती लिहितात. शब्द चुकला म्हणून तेथे कोणी हसत नाही, भाषा हलकी म्हणून कागद परत करीत नाही. सातवाहनाच्या दरबारात गुणाढ्याला याहून अधिक काही नको होते. ते त्याला टेकडीवरच्या हरणांनी दिले. राजालाही ते कळले. पण सातांतले सहा भाग जळून गेल्यावर.