कार्टमधला हिशेब

मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून पडद्यामागचं थोडं सांगतो. किराण्याचं ॲप दोन कामांसाठी बनवलेलं असतं: माल पोचवणं आणि तुमचं बिल वाढवणं. बचत करायची तर दुसऱ्या कामावर नजर ठेवा.

पहिलं, किलोचा भाव काढा. समजा, अर्धा किलो तूरडाळ ८० रुपयांना आणि एक किलो १६५ ला आहे. मोठ्या पुड्यावर 'ऑफर' लिहिलंय, पण दोन छोटे पुडे १६० लाच पडतात.

दुसरं, दोन ॲपची तुलना शेवटच्या रकमेवर करा. डिलिव्हरी, हँडलिंग, छोट्या ऑर्डरचा आकार हे सगळं पैसे भरताना दिसतं. ३० रुपयांची डिलिव्हरी वाचवायला ६० रुपयांची नको असलेली वस्तू घेतली, तर तोटा ३० रुपयांचा.

तिसरं, न मागता कार्टमध्ये शिरलेली वस्तू किंवा देणगी, 'पाचच मिनिटं उरली' ही खोटी घाई, यांना डार्क पॅटर्न म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांना मनाई केली. तक्रारीसाठी १९१५ हा नंबर आहे.

शेवटचं. घरात फोन आपल्या हातात असतो, पण भाव अम्मीला पाठ असतात. ऑर्डर करण्याआधी यादी त्यांना वाचून दाखवा. गल्लीतल्या दुकानदारालाही भाव विचारा. महिनाअखेरीला हात आखडला की वहीत उधारी तोच लिहून घेतो.