थैलीतली नवी पुस्तकं

(वस्तीगटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



नवीन काय वाचावं, यावर मला बोलायला सांगितलंय. थैलीत चारच पुस्तकं आहेत. चारही मी इंग्रजीत वाचली, ही अडचण आधीच कबूल करते. शनिवारच्या बैठकीत मी ती मराठीत सांगते, तशीच इथे सांगणार आहे.

पहिलं अरुंधती रॉय यांचं 'मदर मेरी कम्स टू मी' (२०२५). त्यांच्या आईवरचं, मेरी रॉय यांच्यावरचं. त्रावणकोरच्या १९१६ च्या कायद्याने सिरियन ख्रिश्चन मुलीला मुलाच्या वाट्याच्या चौथा हिस्सा किंवा ५,००० रुपये, यांतलं जे कमी ते मिळे. मेरीबाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ साली जिंकल्या. पण लेकीने त्यांना देव्हाऱ्यात बसवलेलं नाही. ही आई घरात फार कठोर वागायची, तेही लिहिलंय. मला हेच भावलं. आपण मोर्चातल्या बाईची लगेच देवी करतो!

हे सांगितलं तेव्हा एकीने विचारलं, "तिने हक्कसोडपत्रावर सही नाही केली?" सगळ्या गप्प. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला. बैठकीतल्या अकराजणींपैकी सातजणी सही करून मोकळ्या झाल्या होत्या. माहेर तुटू नये म्हणून.

बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प'मधली नावाची गोष्टही माहेराचीच. मूळ कन्नड, इंग्रजी अनुवाद दीपा भास्ती यांचा. २०२५ चं आंतरराष्ट्रीय बुकर याच पुस्तकाला. नवऱ्याने दुसरी धरली म्हणून तान्ह्या मुलीला घेऊन मेहरुन माहेरी येते, आणि भाऊच तिला परत पोहोचवतात. पुढचं सांगत नाही. गटात वाचताना मात्र शेवटी वेळ राखून ठेवा, कुणी ना कुणी बोलू लागते.

सुधा भारद्वाज यांचं 'फ्रॉम फाशी यार्ड' (२०२३) येरवड्याच्या तुरुंगातलं. कोठडीच्या गजांतून दिसलेल्या बायांची छोटी छोटी शब्दचित्रं. रोज एक वाचली तरी चालतं. तुरुंगातल्या बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलाय. तो हाती यायला काय काय लागतं, ते इथे कळतं.

शैलजा पाईक यांचं 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' (२०२२) तमाशातल्या दलित स्त्रियांवर आहे. लेखिका स्वतः येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या. भाषा प्रबंधाची, जड. पहिलं प्रकरण मी दोनदा वाचलं. पण 'अश्लील' कुणाला म्हणायचं हे कोण ठरवतं, हा प्रश्न लावणीच्या कार्यक्रमाला शिट्ट्या मारणाऱ्यांनाही विचारायला हवा.

पुस्तकं मागच्या बाकावर ठेवते. नेणारीने वहीत नाव लिहावं आणि महिन्याने आणताना दोन पानं मराठीत सांगायची तयारी करून यावं. 'हार्ट लॅम्प'वर चहा सांडलाय, तो माझाच.